सारणाचा पाव : प्रस्तावना

रांजणगावला महागणपतीपुढे मोदकाचा नैवेद्य असतो. त्याच गावाच्या औद्योगिक वसाहतीत ब्रिटानियाच्या कारखान्यात बिस्किटं, केक आणि आत सारण भरलेले क्रोसाँ तयार होतात. एकाच शिवारात सारण भरण्याच्या दोन तऱ्हा नांदताहेत. एक हाताची, उकडीची, घरातली. दुसरी यंत्राची, मैद्याची, पाकिटातली. या दोन्हींच्या मधे एक तिसरी तऱ्हा आहे. यीस्टवर फुगवलेल्या मऊ पिठात घरचं सारण भरायचं आणि घरच्याच आचेवर तो गोड पाव भाजायचा. शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या स्वयंपाकघरांत ही तऱ्हा रुजावी, या एका इच्छेने हे पुस्तक लिहिलं आहे. त्यासाठी धडा घेतला आहे तो फिलिपिन्सच्या पावांचा.

फिलिपिन्सच का, हा प्रश्न कुणीही विचारील. आपल्याकडे त्या देशाची ओळख मुख्यतः मॅगसेसे पुरस्कारामुळे. १९५८ साली विनोबांना, १९८५ साली बाबा आमटेंना आणि त्याआधी १९८२ साली दौंडच्या शेजारच्या उरुळी कांचनच्या मणिभाई देसाईंना तो मिळाला. आखातात नोकरीला किंवा बोटीवर असलेल्या आपल्या माणसांना फिलिपिनो सहकारी भेटतात आणि त्यांच्या डब्यातला गोड पावही चाखायला मिळतो. पण माझं कारण वेगळं आहे. फ्रेंच क्रोसाँला थरावर थर लोण्याचे लागतात, पीठ पुन्हापुन्हा फ्रिजमध्ये ठेवावं लागतं, हवा थंड लागते. फिलिपिन्सचा सारणाचा पाव यातलं काहीच मागत नाही. तो गल्लीतल्या लहानशा बेकरीचा, खिशाला परवडणारा, दुपारच्या खाण्याला घ्यायचा पाव आहे. त्याच्या पोटात असतं खोबरं आणि गुळासारखी तांबूस साखर, कुठे शिजवलेले मूग, कुठे शिळ्या पावाचा चुरा. ही यादी वाचताना परका पदार्थ वाचतोय असं आपल्याकडच्या बाईला वाटणारच नाही.

हा पाव तिथे कसा पोहोचला, ते थोडक्यात सांगायला हवं. फर्डिनंड मॅगेलन हा दर्यावर्दी १५०५ साली पोर्तुगीज आरमाराबरोबर हिंदुस्थानात आला, १५०९ च्या दिवच्या लढाईत होता, पुढे मलाक्क्यापर्यंत गेला. नंतर त्याने स्पेनची चाकरी धरली, पश्चिमेकडून पृथ्वीला वळसा घालत १५२१ साली तो फिलिपिन्सला पोहोचला आणि तिथेच मॅक्टन बेटावरच्या लढाईत मारला गेला. १५६५ पासून १८९८ पर्यंत त्या बेटांवर स्पेनचा अंमल राहिला आणि त्या अंमलाबरोबर गव्हाचा पाव आला. अडचण अशी की त्या दमट, उष्ण बेटांवर गहू पिकत नाही. आजही तिथलं गव्हाचं पीठ बाहेरून आणलेल्या गव्हाचं असतं. मात्र नारळ उदंड. जगात सर्वाधिक नारळ पिकवणाऱ्या तीन देशांत इंडोनेशिया आणि भारताबरोबर फिलिपिन्स आहे. मग लोकांनी काय केलं? परक्या पिठाच्या आत आपल्या बेटावरचा नारळ, आपल्या उसाची साखर, आपला कंद भरला. पाव पाहुणा म्हणून आला आणि सारणाने त्याला घरचा केला. या पुस्तकातल्या प्रत्येक कृतीमागे हाच विचार आहे: कृती त्यांची घ्या, सारण आपल्या शिवारातलं भरा.

आपल्याकडे पावाची गोष्ट निराळ्या वळणाने गेली. पोर्तुगीजांनी १५१० साली गोवा घेतला आणि ताडामाडाच्या सुरेवर पीठ आंबवून पाव भाजणारे गोव्याचे पोदेर तयार झाले. त्यांच्यातले कितीतरी पुढे मुंबईत आले. देशावर मात्र पाव आला तो छावण्यांच्या आणि रेल्वेच्या मागोमाग. घोडनदीला, म्हणजे आजच्या शिरूरला, इंग्रजांची लष्करी छावणी होती. दौंडहून मनमाडला जाणारा रेल्वेमार्ग १८७८ साली सुरू झाला आणि दौंड मोठं जंक्शन झालं. तरीही पाव आपल्या घरात शिरला तो तयार वस्तू म्हणूनच. चहाबरोबर खारी, बटर, टोस्ट. आजाऱ्याला दुधात बुडवून पाव. मुलांच्या हट्टाला क्रीम रोल. दिवाळी जवळ आली की रवा, मैदा, साखर, तूप घेऊन बेकरीत जायचं आणि नानकटाई भाजून आणायची, ही रीत गावोगाव होती आणि अजूनही दिसते. साहित्य घरचं, भट्टी बेकरीची. त्यामुळे भाजण्याची विद्या बेकरीवाल्याकडेच राहिली. घरात चूल होती, तवा होता, पण भट्टी नव्हती, म्हणून यीस्टच्या पिठाला हात लावायची वेळच आली नाही.

तरीही सारणाच्या पावातलं सगळ्यात अवघड काम आपल्या बायकांना आधीपासून येतं, हे मी ठामपणे सांगते. पुरणपोळी करणारी बाई काय काय जाणते ते पाहा. कणीक सैल भिजवून, तेल लावून, ती तार सुटेपर्यंत तिंबायची. मग मुरू द्यायची. पुरण कोरडं शिजवायचं, उलथनं त्यात उभं राहिलं पाहिजे. उंडा भरताना पारी मधे जाड आणि कडेला पातळ ठेवायची, म्हणजे तोंड मिटलं की सगळीकडे जाडी सारखी येते. पुरण पिठाहून घट्ट झालं तर पोळी फाटते, सैल झालं तर कडेने बाहेर येतं. फिलिपिन्सच्या बेकरीत नवा कारागीर हेच शिकत असतो. ज्या हाताला हे जमतं, त्याला नव्याने शिकायच्या गोष्टी दोनच: यीस्टची वेळ आणि भट्टीची आच. पुस्तकाचा मोठा भाग त्या दोहोंसाठी दिला आहे.

आता त्या पावांची ओळख करून देते. पहिला मान पान दे कोकोचा. गोल, मऊ, वरून तकतकीत, आत नारळ आणि तांबूस साखर आटवून केलेलं सारण, ज्याला तिथे बुकायो म्हणतात. आपलं मोदकाचं सारण थोडं जास्त परतलं की बुकायोच झालं. दुसरा पान दे मोंगो, ज्यात गोड शिजवलेल्या मुगाचं सारण असतं. मुगाच्या जागी आपण हरभऱ्याच्या डाळीचं पुरण भरतो, जायफळ-वेलचीसकट. तिसरा स्पॅनिश ब्रेड. पिठाची लांबट पोळी लाटायची, तिच्यावर लोणी, साखर आणि पावाचा चुरा पसरायचा, गुंडाळी करायची आणि ती गुंडाळी चुऱ्यात घोळवून भाजायची. चौथा पान दे रेग्ला. शिळा पाव दूध-साखरेत शिजवून, लाल रंग घालून त्याचं सारण केलेलं असतं. शिळ्या पोळीचा गूळ-तूप घालून लाडू वळणाऱ्या घराला या दोन पावांमागची काटकसर समजावून सांगावी लागत नाही. पाचवा एन्सायमाडा, लोणी लावून वेटोळ्यासारखा वळलेला, वर साखर आणि किसलेलं चीज. आणि सहावा उबेचा पाव. उबे हा जांभळा कंद म्हणजे आपलं कोनफळ. महाशिवरात्रीच्या सुमारास उपासासाठी ते पुण्याच्या बाजारात येतं, तेव्हाच घेऊन ठेवावं. पाव मात्र उपास सुटल्यावर करावा, कारण मैदा उपासाला चालत नाही.

शिवारातलं सारण म्हणताना माझ्या मनात सगळ्यात आधी गूळ येतो. दौंड तालुक्यात केडगाव, यवत, पाटस या पट्ट्यातून हंगामात जाताना गुऱ्हाळांचा वास लांबूनच येतो. चरकातून निघालेला रस काहिलीत पडतो, खाली चुलवाणात वाळलेलं चिपाड जळत असतं. रसाला उकळी आली की भेंडीच्या झाडाचा चिकट रस घालतात, त्यासरशी मळी वर येते आणि ती झाऱ्याने काढून टाकतात. पुढची सगळी मदार गुळव्याच्या नजरेवर. रस आटत आला की तो त्याचे दोन थेंब गार पाण्यात टाकतो आणि बोटांनी चाचपतो. थेंब विरघळला तर थांबायचं. बोटांत मऊ गोळी आली तर काकवीची वेळ टळून गेली. गोळी टणक झाली की काहील उतरवायची आणि ढेपा घालायच्या. हीच परीक्षा सारणालाही लावता येते. नारळात गूळ विरघळून पाक घट्ट होत आला की त्याचा थेंब गार पाण्यात टाका. मऊ गोळी झाली की गॅस बंद. याहून जास्त परतलं तर भट्टीत सारण खडखडीत होतं.

गूळ निवडताना पिवळ्याधमक रंगाच्या मागे लागू नका. रसायन घालून उजळवलेल्या गुळापेक्षा तपकिरी, किंचित खारट चवीचा गूळ भाजल्यावर जास्त खुलतो. पिठात गूळ घालायचा झाला तर पाण्यात विरघळवून, गाळून घाला. दुधात गूळ घालून उकळलं तर दूध फाटतं, हे घरोघरी ठाऊक आहेच. स्पॅनिश ब्रेडच्या चुऱ्यात साखरेच्या जागी चमचाभर काकवी घालून पाहा. फिलिपिन्सच्या तांबूस साखरेत असते ती मळीची खमंग चव तिच्यातून येते.

नारळ आपल्या भागात पिकत नाही, तो कोकणातून आणि दक्षिणेतून येतो. म्हणून देशावर सुक्या खोबऱ्याचा कीस, खसखस, तीळ यांचं सारण आधीपासून आहे, आणि मला पावात तेच अधिक आवडतं. सुक्या खोबऱ्यात पाणी नसल्यामुळे पाव खालून ओला होत नाही आणि दोन दिवस टिकतो. कीस मंद आचेवर बदामी होईपर्यंत भाजा, हाताने चुरा, खसखस आणि गूळ मिसळा, वर दोन चमचे दुधाचा हबका मारा, म्हणजे मुठीत धरल्यावर त्याचा गोळा होतो. संक्रांतीला तीळ आणि शेंगदाण्याचा कूट. उन्हाळ्यात मिठ्या बहाराचं अंजीर. दौंड तालुक्यातलं खोर गाव आणि शेजारचा पुरंदर यांचं अंजीर प्रसिद्ध आहे. पुरंदरच्या अंजिराला भौगोलिक मानांकनही आहे. पिकून फुटायला आलेली, बाजारात न चालणारी अंजिरं थोडी साखर आणि लिंबू घालून आटवली की जे सारण होतं, ते भरलेला पाव फिलिपिन्समध्येही कुणी खाल्ला नसेल.

आता पिठाकडे. आपल्या दुकानातला मैदा पावाच्या खास पिठाइतका चिवट नसतो, तेव्हा चिवटपणा हाताने आणावा लागतो. अर्धा किलो मैदा, ७५ ग्रॅम साखर, ७ ग्रॅम यीस्ट, ७ ग्रॅम मीठ, ६० ग्रॅम लोणी, एक अंडं आणि सुमारे २४० मिलिलिटर दूध, हे आमचं मूळ प्रमाण. अंडं चालत नसेल तर त्याऐवजी थोडं जास्त दूध आणि चमचाभर दही. दूध आधी उकळून गार केलेलं असावं. कच्च्या दुधातली काही प्रथिनं पिठाची ताकद कमी करतात आणि उकळल्याने ती निष्प्रभ होतात. आपल्याकडे दूध तापवल्याशिवाय वापरतच नाहीत, ही सवय इथे कामी येते. घरच्या लोकवन गव्हाची कणीक घालायची असेल तर चौथा हिस्सा घाला आणि दूध थोडं वाढवा, कारण गिरणीची कणीक पाणी जास्त पिते आणि तिच्यातला कोंडा पिठाची तार तोडतो.

पीठ पुरेसं तिंबलं गेलं की नाही, हे घड्याळाने कळत नाही. सुपारीएवढा गोळा घ्या, दोन्ही हातांच्या बोटांवर हळूहळू ताणा आणि खिडकीसमोर धरा. पडदा फाटला आणि फाटलेली कड दातेरी दिसली, तर अजून तिंबा. बोटांची सावली पलीकडून दिसेपर्यंत पडदा ताणला गेला, म्हणजे पीठ तयार. लोणी शेवटी घालायचं. आधी घातलं तर ते पिठाच्या कणांना माखतं आणि तार धरायला उशीर होतो.

यीस्ट हा सजीव आहे, आणि शिरूर-दौंडची हवा त्याला वर्षभर सारखी मिळत नाही. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीपार जातो. तेव्हा कोमट दूध घेतलं तर पीठ बघता बघता फुगतं आणि पावाला आंबूस वास येतो. उन्हाळ्यात दूध फ्रिजमधलं गार घ्या, पीठ माठाजवळ ठेवा आणि यीस्ट थोडं कमी करा. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत याच पिठाला दुप्पट-तिप्पट वेळ लागतो, तेव्हा परात झाकून चुलीच्या उबेला ठेवा. दूध इतकं गरम कधीच नको की बोटाला चटका बसेल; साठ अंशांच्या आसपास यीस्ट मरतं आणि मग कितीही वाट पाहिली तरी पीठ हलत नाही. पीठ दुप्पट झालं की नाही ते बोटाने दाबून पाहा. खळगा लगेच भरला तर थांबा, हळूहळू भरत असेल तर ते तयार आहे, तसाच राहिला तर वेळ उलटून गेली.

सारण भरण्याचे तीन नियम मात्र पाठच करा. सारण पूर्ण गार असावं, कारण गरम सारण आतल्या बाजूने पीठ ढिलं करतं. पन्नास ग्रॅम पिठाला पंचवीस ते तीस ग्रॅम सारण. हात सढळ सोडला की पाव फुटतो. आणि पारीची कड कोरडी ठेवावी, तिला तूप किंवा गुळाचा पाक लागला तर तोंड मिटत नाही. मिटलेलं तोंड खाली करून पाव ताटलीत ठेवा, दुसऱ्यांदा फुगू द्या, वर काट्याने दोन-तीन टोचे मारा म्हणजे वाफेला वाट मिळते, आणि दुधाचा हात फिरवा.

भट्टीबद्दल पुष्कळजणी आधीच हात टेकतात. ओव्हन असेल तर १८० अंशांवर सोळा ते अठरा मिनिटं पुरतात. नसेल तर जाड बुडाची कढई घ्या, तळाशी मिठाचा जाड थर द्या, त्यावर कडं ठेवा, झाकण लावून मध्यम आचेवर पंधरा मिनिटं तापवा आणि मग पावांची ताटली कड्यावर ठेवून मंद आचेवर भाजा. वेळ जास्त लागतो आणि वरचा रंग फिकट राहतो, पण आतून पाव नीट होतो. उतरवल्यावर तुपाचा हात फिरवला की तो दिसायलाही छान दिसतो. विजेचा भरवसा नसलेल्या गावांसाठी एक सूचना: सारण भरण्याआधी विजेचा अंदाज घ्या. नुसतं पीठ जास्त फुगलं तर पुन्हा मळून ठेवता येतं, भरलेला पाव पुन्हा मळता येत नाही.

बचत गटातल्या बायका हे पुस्तक कमाईच्या दृष्टीनेही वाचतील, आणि वाचावंच. याच दौंड तालुक्यात केडगावला पंडिता रमाबाईंनी मुक्ती मिशन उभं केलं आणि दुष्काळाने निराधार झालेल्या मुली-बायकांच्या हाती विणकाम, छपाई, शेती असे उद्योग दिले. १९२२ साली त्या तिथेच गेल्या. बाईच्या हातात हुन्नर असला की तिच्या शब्दाला वजन येतं, हे या मातीत शंभर वर्षांपूर्वी दाखवून दिलं गेलं आहे. सारणाच्या पावाला भांडवल थोडं लागतं, माल इथलाच आहे, आणि रांजणगावच्या वसाहतीतल्या पाळ्यांपासून शाळेच्या डब्यापर्यंत खाणारी तोंडंही आहेत. मात्र विकायचं ठरवलं तर अन्न सुरक्षा नोंदणी करून घ्या, पावावर भाजल्याची तारीख लिहा, आणि ओल्या नारळाचा पाव दुसऱ्या दिवसापलीकडे विकू नका. गिऱ्हाईक एकदा बिचकलं की परत येत नाही.

एवढं मात्र स्पष्ट सांगते की हा पाव भाकरीची जागा घेण्यासाठी नाही. तो गोड पदार्थ आहे, सणाचा, पाहुण्यांचा, चारच्या चहाचा. ज्यांना साखरेचं पथ्य आहे त्यांनी अर्धाच खावा. मुलांना मात्र भरताना जरूर बरोबर घ्या. पारी मिटवणं हे काम त्यांच्या लहान बोटांना फार लवकर साधतं.

पुस्तकातला क्रम मुद्दाम सोप्याकडून अवघडाकडे ठेवला आहे. पहिल्या भागात नुसतं पीठ आणि बिनसारणाचा पाव, दुसऱ्यात पान दे कोको आणि पुरणाचा पाव, तिसऱ्यात गुंडाळीचे पाव, शेवटी कोनफळ आणि एन्सायमाडा. मधलं पान उलटून थेट एन्सायमाड्यावर जाऊ नका. सारण भरायची सुरुवात सुक्या खोबऱ्याच्या पावापासून करा, एका वेळी आठच करा, आणि प्रत्येक वेळी हवा कशी होती, पीठ किती वेळात फुगलं, गूळ कुठला होता, ते कृतीशेजारच्या कोऱ्या जागेत लिहून ठेवा. ती जागा त्यासाठीच सोडली आहे. केडगावच्या गुळाने जमलेलं प्रमाण न्हावऱ्याच्या गुळाने थोडं बदलेल आणि मे महिन्यातली वेळ जानेवारीत चालणार नाही. वर्षभराने तुमच्या नोंदी माझ्या आकड्यांशी जुळल्या नाहीत, तर तुमच्या नोंदी खऱ्या माना आणि त्यांच्यावर चाला.